दीड हात

पहिलं रेकॉर्डिंग विहिरीतून आल्यासारखं.
चिखलवाडीतली माझी खोली, दहा बाय बारा,
खाली शहाबादी, वर पत्रा.
रबाबाचा एक सूर चार भिंतींना धडकून
पाच होऊन परत यायचा,
आणि फोन बिचारा पाचही लिहून घ्यायचा.

भाचा पुण्याहून म्हणाला,
मावशी, आधी खोली मुकी कर.

मग दोरीवर वाकळा टांगल्या.
एक बाळंतपणातली, एक कुठून आली आठवत नाही,
एकीत माझा शाळेचा परकर, अजून निळाच.
कोपऱ्यात ज्वारीची दोन पोती उभी केली.
कोपऱ्यात म्हणे खर्ज साचतो,
न्हाणीत पाणी साचतं तसा.
पोत्यांनी तो पिऊन टाकला.
हाजराबी दारातून डोकावली :
"पाहुणे येणारेत का गं? एवढी अंथरुणं काढलालीस ते?"

फ्रिज बंद. पंखा बंद.
मे महिन्यात नांदेडात पंखा बंद करून बसण्याला
कुणी साधना म्हणत नाही.
उन्हानं रबाबाचं कातडं ताणलेलं,
खुंट्या पिळून सूर खाली आणावा
तर तासाभरात पुन्हा वर,
गॅसवर विसरलेल्या दुधासारखा.

मग माईक. साडेतीन हजारांचा,
मेडिकलच्या मालकानं दिवाळीला दिलेल्या पाकिटातून.
समोर ठेवला तर जव्याची टकटक,
भिंतीवर पाल चुकचुकावी तशी.
जवळ घेतला तर माझा श्वास, बांगडी,
गुडघ्याचं हाडसुद्धा.
लांब नेला तर परत ती विहीर.
टेप नव्हता, हातानंच मोजत गेले,
कोपरापासून बोटापर्यंत एक, वर अर्धा.
रबाबाची मान पोटाला मिळते
त्या सांध्याकडे तोंड करून, जरासा तिरपा,
शेजारचं भांडण ऐकताना माणूस बसतो तसा.
तिथं सूर अंगासकट आला.

तरी मागे काहीतरी होतंच.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.
गल्लीतले सगळे कूलर, सगळ्या मोटारी
एकदम.
इतके दिवस जिला मी शांतता म्हणत होते
ती एक बारीक गुणगुण होती,
हे ती थांबल्यावर कळलं.
फोनच्या बॅटरीत अकरा टक्के.
अंधारात बसले, वाजवलं,
घामानं जवा दोनदा निसटला, पुन्हा धरला.

सकाळी कानात गोळे घालून ऐकलं.
खोली नाही. पत्रा नाही. गल्ली नाही.
नुसता रबाब,
आणि रबाबात माझा गंधार,
तिसऱ्या बोटाचा, जरासा आळशी, खाली बसलेला.
एकदा नाही, दरवेळी.
किती वर्षं मी तो
भिंतींच्या नावावर खपवत होते.

भाचा म्हणाला, उचलून देतो वर,
अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कुणाला कळणार नाही.
नको म्हटलं.
का नको, ते त्याला नीट सांगता आलं नाही.
तुझ्या परीक्षेच्या पेपरात मी उत्तर लिहिलं असतं का,
असं काहीतरी बोलले. तो हसला.

जगतारसिंगांनी शिकवलं तेव्हा माईक नव्हता.
ते माझ्याकडे न बघता, दाढीला हात लावून म्हणायचे,
"मुख्य तार तू छेडतेस, बेटा.
तरफेच्या तारा स्वतःहून बोलतात.
त्यांचं बोलणं होईस्तोवर उठायचं नाही."

दुपारी हाजराबी वाटी परत करायला आली.
"राती लाईट गेली तवा काय वाजलालतं गं?
तू थांबलीस तरी वाजतच होतं.
बारीक. लई वेळ.
मी उशाला कान लावून पडले होते."

मी फाईल पुन्हा लावली, शेवटी नेली.
नाहीच.
हात उचलला त्याच क्षणी बटण दाबलं होतं,
बॅटरीच्या भीतीनं.
ते तेवढं तिच्याकडेच राहिलं.

वाकळा अजून काढल्या नाहीत.
आज फोन चार्ज करून ठेवलाय.
गंधारावर सकाळपासून बोट घासतेय.
रात्री लाईट जाईल का नाही, कुणी सांगावं.
पण शेवटचा सूर सोडला की
हात मांडीवर, आणि मनात वीसपर्यंत आकडे,
सावकाश.